शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये दहा महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक परदेशी जात) आहे, काचेच्या टाकीत; आत प्लास्टिकची पानं आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी. वर एक पांढरा एलईडी आणि दुकानातून मिळालेला एक जांभळट बल्ब. जुलैचा पाऊस लागल्यापासून, म्हणजे आठवडाभर, तो भर दुपारी डोळे मिटून बसतो. हात लावला की उघडतो, पुन्हा मिटतो. चार दिवसांत एकच किडा खाल्ला. दुकानदार म्हणाला, पावसाळ्यात हे झोपूनच असतात, ऊन पडलं की ठीक होईल. आणि तुम्ही विचारताय, थांबायचं की डॉक्टर गाठायचा?

थांबू नका. आज घरातल्या चार गोष्टी दुरुस्त करा आणि उद्या-परवापर्यंत सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. दोन्ही करायचं आहे, यातलं एक निवडायचं नाही.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतो. माझा निम्मा दिवस म्हशी आणि कुत्र्यांत जातो, पण गेल्या दहा-बारा वर्षांत कासवं, इग्वाना आणि शॅमेलिऑनही टेबलावर यायला लागले. त्यातले सगळ्यात उशिरा येतात ते शॅमेलिऑन. कारण हेच: "झोपतोय" असं सगळ्यांना वाटत राहतं.

एक गोष्ट आधी पक्की करू. निरोगी शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. उजेड गेला की तो झोपतो, जवळजवळ बारा तास, आणि गाढ. त्या वेळी अंगाचा रंग फिका पडतो, शेपटीची गुंडाळी होते, फांदीच्या टोकाला जाऊन बसतो. उजेड झाला की जागा होतो आणि मग संध्याकाळपर्यंत त्याचे दोन्ही डोळे कामात असतात, एक इकडे, एक तिकडे. डोळा हेच त्याचं शस्त्र आणि डोळा हीच त्याची राखण. तो दिवसाउजेडी डोळे बंद करून बसला याचा अर्थ त्याने राखण सोडली. मांजर आळसावून पडतं तसली ही सुस्ती नव्हे. म्हैस रवंथ थांबवते तेव्हा गोठ्यात जेवढी धावपळ होते, तेवढीच इथे व्हायला हवी.

अपवाद तीनच. डोळा साफ करताना तो डोळ्याचा सगळा मनोरा, म्हणजे डोळ्यावरचा कातडीचा शंकू, फुगवतो, आत फिरवतो, फांदीला घासतो. हे काही मिनिटांत संपतं. कात टाकताना एखादा दिवस मलूल असतो. आणि तुम्ही अगदी जवळ गेलात तर तुमच्या बाजूचा एक डोळा भीतीने मिटतो, दुसरा उघडा असतो. यापलीकडे जे काही आहे ते आजार समजूनच चालायचं. शीतनिद्रा वगैरे शब्द कुणी वापरले तर विश्वास ठेवू नका. व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरउतारांचा. थंडीत तो मंदावेल, पण घरात पाळलेला प्राणी भर दुपारी आठवडाभर डोळे मिटून बसणं त्याच्या जातीत बसत नाही.

आणखी एक. हा शिकार होणारा प्राणी आहे. आजारी दिसला की कावळा उचलणार, म्हणून तो शेवटपर्यंत आजार लपवतो. तुम्हाला आठवडाभर दिसतंय, म्हणजे आत त्याच्या बरंच आधीपासून काहीतरी बिघडलेलं आहे.

आता कारणांकडे. तुम्ही सांगितलेल्या मांडणीत माझा पहिला संशय उबेवर आहे.

आपल्याला वाटतं कोल्हापूरची हवा सौम्य, ना पुण्यासारखी कोरडी थंडी ना नागपूरचं ऊन, मग प्राण्याला काय त्रास? पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. दुपारचा पारा पंचवीस-सव्वीसच्या आसपास, भिंती गार, कपडे वाळत नाहीत. आपण स्वेटर घालत नाही एवढंच. शॅमेलिऑनचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. त्याला ती बाहेरून घ्यावी लागते, आणि पचन, भूक, रोगाशी लढण्याची ताकद, पापणी उघडी ठेवण्याचं बळ, सगळं त्या उबेवर चालतं. चोवीस अंशांच्या टाकीत तो मरत नाही, पण गिरणीचा पट्टा ढिला झाल्यासारखं त्याचं सगळं मंद चालतं. एलईडी कितीही झगझगीत असला तरी त्याच्यातून ऊब येत नाही. तुमच्या टाकीत ऊब देणारी एकही वस्तू नाही.

व्हेल्डला टाकीत सगळीकडे सारखं तापमान नको असतं. वरची एक फांदी गरम हवी, तिथे साधारण २९ ते ३२ अंश. मादी असेल तर २७-२८ पुरे. बाकी भागात २३ ते २६. म्हणजे तो गरम होऊन गारव्यात जाऊ शकेल आणि परत येऊ शकेल. रात्री ऊब बंद. रात्री पारा अठरा-वीसवर उतरणं त्याला चांगलंच असतं. आपल्या घरांत डिसेंबर-जानेवारीतही पंधराच्या खाली क्वचितच जातं, त्यामुळे रात्रीचा हीटर, लाल बल्ब, निळा बल्ब काहीही लागत नाही.

उपाय साधा आहे. जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन, ४० ते ६० वॅटचा. हल्ली दुकानदार आधी एलईडीच पुढे करतात, त्यामुळे "गरम होणारा, तारेचा" असं स्पष्ट मागा. चिनी मातीचा होल्डर घ्या, प्लास्टिकचा वितळतो. बल्ब टाकीच्या आत लटकवू नका. जाळीच्या बाहेर, वरून, आणि फांदीपासून २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर. शॅमेलिऑनला पाठ भाजतेय हे वेळेवर कळत नाही; थंडीने कावलेला प्राणी बल्बला चिकटून बसतो आणि पाठीवरचा उंचवटा आणि डोक्यावरचा तुरा जाळून घेतो. अशा जखमा मी बऱ्याच बघितल्यात आणि त्या भरायला महिने जातात. म्हणून थर्मामीटर फांदीच्या जागी, त्याची पाठ येईल त्या उंचीवर ठेवून मोजा. अंदाज नको. टाकीच्या भिंतीला चिकटवलेला गोल काटेवाला थर्मामीटर बऱ्याचदा चुकीचं दाखवतो, साधा डिजिटल घ्या, आर्द्रता दाखवणारा असेल तर उत्तमच.

२०१९ च्या महापुरातली एक गोष्ट सांगतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट; त्या ऑगस्टमध्ये पाणी ती पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं आणि शहराच्या मोठ्या भागात लाईट नव्हती. शाहूपुरीतून एक मुलगा नातेवाइकांकडे निघताना आपला शॅमेलिऑन पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊन बाहेर पडला होता. चार दिवस बल्ब नाही. प्राणी काळपट पडलेला, डोळे बंद, पकड सुटलेली. त्याच्या आजीने तो उशीच्या सुती अभ्र्यात ठेवून स्वतःच्या पदराखाली धरला होता, अंगाच्या उबेत. मला तो दिसला तेव्हा त्याचे डोळे अर्धे उघडे होते. औषध मी नंतर दिलं, पण पहिला उपचार त्या आजीचा. तुमच्याकडे पावसात लाईट गेली तर हेच करा: सुती पिशवी, अंगाची ऊब, किंवा टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पिशवीच्या बाहेरून टेकवून. हेअर ड्रायर नको, गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला नको.

दुसरा संशय उजेडावर. तो जांभळट बल्ब बहुतेक शोभेचा आहे. शॅमेलिऑनला जो लागतो तो यूव्हीबी किरण (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे रंग जांभळा म्हणजे यूव्हीबी असं समीकरण नाही. हा किरण कातडीवर पडला की शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं, ड३ असेल तरच आतड्यातून कॅल्शियम रक्तात जातं. ते नसेल तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, पकड ढिली होते, जीभ बाहेर फेकली जात नाही किंवा फेकली की परत जात नाही, बोटं थरथरतात. आणि हे सगळं दिसण्याच्या आधी प्राणी नुसता मलूल होतो, डोळे मिटतो. दहा महिन्यांचा म्हणजे वाढीचा काळ. तुमच्याकडे तो किती महिने यूव्हीबीशिवाय आहे, याचा हिशोब लावा आणि डॉक्टरला तो आकडा सांगा.

लागते ती लांब नळी: टी-५ प्रकारची, पाच-सहा टक्के यूव्हीबीवाली, टाकीच्या लांबीइतकी, जाळीच्या वर. तिच्या खाली २० ते २५ सेंटिमीटरवर तीच गरम फांदी यावी. वळणावळणाचे छोटे यूव्ही बल्ब मिळतात, ते शॅमेलिऑनला पुरत नाहीत. नळी उजेड देत राहते पण तिच्यातला यूव्हीबी कमी होत जातो, म्हणून वर्षभरात बदलायची. विकत घेतल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून ठेवा. आणि काच हा किरण अडवते. खिडकीच्या बंद काचेतून येणारं ऊन उबेला चालेल, हाडांना नाही.

पाऊस उघडला की कोल्हापूरचं कोवळं ऊन मात्र कुठल्याही नळीपेक्षा भारी. सकाळी आठ-नऊच्या दरम्यान जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, वीस मिनिटं. काचेची टाकी उन्हात कधीच नको, दहा मिनिटांत भट्टी होते. आणि सोबत बसा. गच्चीवर कावळे, घारी आणि शेजारचं मांजर, तिघंही तुमच्यापेक्षा तल्लख असतात.

तिसरी गोष्ट पाणी, आणि इथे पावसाळा आपल्याला फसवतो. बाहेर धो-धो पाऊस, भिंतींना ओल, आणि टाकीतला प्राणी तहानलेला. शॅमेलिऑनला वाटीतलं स्थिर पाणी पाणी वाटत नाही. तो पानावरचा थेंब चाटतो. तुमच्या टाकीत प्लास्टिकची पानं आहेत आणि कोपऱ्यात वाटी, म्हणजे तो कदाचित कित्येक दिवस नीट प्यायलेलाच नसेल. तपासायचं कसं? त्याच्या शीमध्ये काळसर भागासोबत एक पांढरा गोळा असतो, तेच त्याचं मूत्र. तो शुभ्र असेल तर ठीक, टोकाला थोडी पिवळी झाक चालते. पूर्ण पिवळा, नारिंगी किंवा खडूसारखा कडक असेल तर पाणी कमी पडतंय. डोळ्यांचे मनोरे आत खचले असतील तर पाणी बरंच कमी पडलंय आणि मूत्रपिंडावर ताण आलाय.

ठिबक करा. उसाला करता येतं तर शॅमेलिऑनला सोपं आहे. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, स्वच्छ बाटलीला जोडा, नळी खऱ्या पानांवर सोडा आणि चाकाने वेग असा ठेवा की सेकंदाला एखादा थेंब पडेल. सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास. खाली भांडं ठेवा. बरेच प्राणी पहिल्या दहा मिनिटांत पानाजवळ येतात आणि इतका वेळ पितात की बघणाऱ्याला आश्चर्य वाटावं. सिरिंजने तोंडात पाणी सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड त्याच्या जिभेजवळच असतं, मलूल प्राण्याच्या फुफ्फुसात पाणी जायला एक क्षण पुरतो.

पण म्हणून दिवसभर फवारत बसू नका. पुस्तकात "आर्द्रता वाढवा" लिहिलेलं असतं ते कोरड्या हवेतल्या लोकांसाठी. जुलैत आपली हवा आधीच ओली आहे. बंद काचेच्या टाकीत ओल, गारवा आणि कोंडलेली हवा एकत्र आली की छातीचा जंतुसंसर्ग ठरलेला. तो आणि उष्म्याने तोंड उघडणं यात फरक करायला शिका. बल्बखाली बसून काही वेळ तोंड उघडं ठेवलं आणि बाजूला गेल्यावर मिटलं, तर गरम झालंय. गार भागातही तोंड उघडं, मान वर करून श्वास, श्वासाबरोबर टकटक किंवा बुडबुड्यांचा आवाज, ओठाशी चिकट लाळ: हा संसर्ग. यात त्याच दिवशी डॉक्टर. माझं मत विचाराल तर आपल्या हवेत शॅमेलिऑनला जाळीचाच पिंजरा हवा, निदान वरची आणि एक बाजू पूर्ण जाळीची. पावसाळ्यात दिवसा ठिबक आणि कोरडी फिरती हवा, आणि हलका फवारा फक्त पहाटे दिवे लागायच्या आधी. पंखा त्याच्या अंगावर थेट नको.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याकडे येतो. तुम्ही "तो" म्हणताय. तो नक्की नर आहे का?

मागच्या पायाची टाच बघा. व्हेल्ड नराला अंड्यातून बाहेर आल्यापासून तिथे एक छोटी कोंबड्याच्या नखासारखी गाठ असते. ती नसेल तर तुमच्याकडे मादी आहे. आणि दहा महिन्यांची व्हेल्ड मादी नराशिवायसुद्धा अंडी तयार करते, जशी घरची कोंबडी करते. एका वेळी वीस-तीस सहज, जास्त खायला घातलं आणि जास्त गरम ठेवलं तर साठच्याही पुढे. ही अंडी घालायला तिला भुसभुशीत ओलसर माती लागते, भुयार खणता येईल इतकी खोल. काचेच्या टाकीत तळाला कागद असेल तर ती अंडी धरून ठेवते. काही दिवस तळाशी फिरते, काचेवर नखं मारते, खायचं बंद करते. मग दमते. मग डोळे मिटते. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. माझ्या हातून गेलेल्या शॅमेलिऑनमध्ये अशा माद्या सर्वांत जास्त आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी "नर" म्हणून विकल्या गेलेल्या होत्या. हे लिहिताना त्यातली एक-दोन तोंडं आठवतात.

म्हणून टाच आत्ताच बघा. मादी असेल आणि पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं असेल, हिरव्या अंगावर पिवळे-निळसर ठिपके गडद झाले असतील, तर आजच तीस सेंटिमीटर खोल टब किंवा बादली घ्या. धुतलेली वाळू किंवा वाळू-माती ओलसर करून भरा; मुठीत दाबली तर आकार धरला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. एक फांदी आत उतरती ठेवा, बाजूला चादर लावा, आणि डोकावू नका. खणताना तिला माणूस दिसला तर ती काम सोडून देते. ती अजून चालतेय, खणतेय, डोळे उघडे आहेत, तर तिला एखादा दिवस द्या. डोळे बंद असतील, तळाशी पडून असेल, तर टबची वाट बघू नका. तिला एक्स-रे आणि कॅल्शियमची गरज आहे, कदाचित शस्त्रक्रियेची.

झोपेचाच प्रश्न म्हणून एक कारण खरंच झोपेचं आहे: रात्रीची झोप मोडणं. आपण नवा प्राणी हॉलमध्ये ठेवतो, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. हॉलमध्ये टीव्ही बारापर्यंत, ट्यूब बारापर्यंत. बारा तासांची झोप सहावर येते आणि मग तो दिवसा पेंगतो. टायमर लावा, सकाळी सातला सुरू, संध्याकाळी सातला बंद, आणि त्यानंतर त्या खोलीत अंधार. शक्य असेल तर टाकी आतल्या खोलीत, उंचावर, त्याची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल अशी. वरून बघणारा प्रत्येक जण त्याला शिकारी वाटतो. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर त्याला तो दुसरा नर वाटतो, मग तो दिवसभर ताणात असतो. आणि पुढे गणपती आहेत. शॅमेलिऑनला बाहेरचा कान नाही, ऐकू फारसं येत नाही, पण फांदीतून येणारी थरथर त्याला नीट कळते. मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर डॉल्बीच्या दिवसांत त्याला गावाबाहेरच्या नातेवाइकांकडे हलवा. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि भिंतीतलं लिक्विड मशीन त्या खोलीत वर्षभर बंद.

डोळ्याचा स्वतःचा आजारही असू शकतो. एकच डोळा मिटलेला, सुजलेला, पाणी किंवा पू असेल तर संसर्ग किंवा आत कण अडकलाय. दोन्ही डोळे चिकटल्यासारखे आणि महिनोन्महिने एकाच प्रकारचा किडा दिलेला असेल तर अ जीवनसत्त्वाची कमतरता आठवायची. पण ते जीवनसत्त्व जास्त झालं तरी विष होतं, म्हणून अंदाजाने थेंब पाजू नका. घरातले माणसांचे डोळ्याचे ड्रॉप्स तर अजिबात नकोत, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि व्रण असेल तर डोळा जातो.

जंत हेही कारण असतं. त्यासाठी ताजी शी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, दुसरा मार्ग नाही.

आज काय करायचं, त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. गार पडलेल्या पोटात किडा गेला तर तो पचत नाही, सडतो. त्यामुळे जबरदस्तीने खायला घालू नका, चिमट्याने तोंड उघडू नका. गरम फांदी तयार करा, त्याला हळूच त्या फांदीवर बसवा, दोन-तीन तास द्या. मग ठिबक. उद्या डोळे उघडे राहू लागले तर एखादा छोटा रातकिडा समोर धरा. रात्री टाकीत जिवंत किडे सोडून ठेवू नका, मलूल प्राण्याला ते कुरतडतात.

घरगुती उपायांबद्दल एकदाच सांगतो. हळद-मध नको. आणि आपल्या जिल्ह्यात दारोदारी गोठा असल्यामुळे म्हशीच्या कॅल्शियमची बाटली हाताशी असते, ती नको. तिच्यात फॉस्फरसही असतं आणि पाचशे किलोच्या जनावराचा डोस शंभर-दीडशे ग्रॅमच्या प्राण्यासाठी कमी करता येत नाही. शॅमेलिऑनला फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी, किड्यावर चिमूटभर भुरभुरून. ड३ वाली आणि मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही.

किड्यांबद्दल मात्र आपण नशीबवान आहोत आणि अडचणीतही. बांधावर नाकतोडे भरपूर, पण ऊस आणि भाजीच्या शेतात काय फवारलंय हे तुम्हाला माहीत नसतं. तिथले किडे नकोत. घरातली झुरळंही नकोत. पाळलेले रातकिडे घ्या, बाजारात क्रिकेट म्हणून मिळतात, आणि त्यांना एक दिवस आधी शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खायला घाला. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर. किड्याच्या पोटातून ते तुमच्या प्राण्याच्या पोटात जातं. सुपरवर्म, म्हणजे भुंग्याच्या जाड अळ्या, चवीपुरत्या, रोज नाही. टाकीत प्लास्टिकऐवजी जास्वंद लावा. व्हेल्ड तिची पानं आणि फुलं आवडीने खातो. नर्सरीतून आणलेलं रोप धुवून, माती बदलून, दोन-तीन आठवड्यांनी आत ठेवा. कण्हेर, शेर, चीक येणारी झाडं चुकूनही नकोत.

डॉक्टरकडे जाताना त्याला हवेशीर खोक्यात, आत एक फांदी घट्ट बसवून न्या. दुचाकीवर नेणार असाल तर खोकं टॉवेलात गुंडाळा, जॅकेटच्या आत धरा. ताजी शी छोट्या डबीत, ओल्या टिश्यूसकट. टाकीचे आणि बल्बचे फोटो, बल्बचं खोकं असेल तर तेही. फोनवर आधी सरळ विचारा, "सरपटणारे प्राणी बघता का?" नाही म्हणाले तर राग मानू नका, ते प्रामाणिक आहेत. जिल्ह्यात कुणी मिळालं नाही आणि स्थिती गंभीर असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा पुणे. फोनवर विचारपूस करूनच निघा.

खोटं सांगू नका, ही माझी विनंती. काही लोक कागदपत्रांच्या भीतीने प्राणी कुठून आला हे लपवतात आणि त्यात आजाराचा इतिहासही बदलून सांगतात. व्हेल्ड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातल्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. तुमची नसेल तर ते काम वेगळं करा, पण उपचार त्यासाठी अडवू नका. आणि हे वाचणाऱ्या कुणाकडे दुकानातला व्हेल्ड नसून माळावरून उचलून आणलेला आपला घोयरा सरडा, म्हणजे भारतातला रानटी शॅमेलिऑन, असेल, तर त्याच्यासाठी वरचं काहीच करत बसू नका. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि घरात तो डोळे मिटतो ते बहुतेकदा धास्तीनेच. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.

एक शेवटचं काम. वही घ्या. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर आज त्याचं वजन लिहा, फांदीसकट ठेवून फांदीचं वजा करा. रोज त्याच वेळी. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू यांच्या अंगावर असू शकतो. पहिल्या आठवड्यात भुकेकडे बघून सुधारणा ठरवू नका, भूक सगळ्यात शेवटी येते. आधी डोळे येतात. सकाळी सातला दिवा लागल्यापासून दोन्ही डोळे पूर्ण उघडायला किती मिनिटं लागली, दुपारी दोनला ते उघडे होते का, तुम्ही खोलीत शिरलात तेव्हा एखादा डोळा तुमच्या मागे फिरला का, एवढं लिहा आणि ती वही तपासणीला सोबत न्या.